पुस्तक मागून उघडावं

रानात एकट्याने कसं तगावं हे शिकवणाऱ्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर हटकून एक दाढीवाला असतो, आणि त्याच्या हातात हातभर चाकू. चाकू जितका लांब तितका आतला मजकूर तोकडा, असा आमचा खासगी नियम. शास्त्रीय नाही, पण क्वचितच फसतो.

दुपारी आडवं पडून अशी पुस्तकं चाळायची तर मागून, सूचीपासून उघडावीत. सूचीत ‘अस्वल’ शोधू नये, ‘जुलाब’ शोधावं. ज्याने खरोखर रानात दिवस काढलेत त्याला जुलाब, पायाचे फोड आणि ओले मोजे यांवर लिहिल्यावाचून राहवत नाही. मग पानांची वाटणी बघावी. हवेविना तीन मिनिटं, कडाक्याच्या थंडीवाऱ्यात आडोशाविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस, अन्नाविना तीन आठवडे, हा ढोबळ हिशेब बहुतेक पुस्तकं सुरुवातीलाच देतात. आणि पुढे निम्मी पानं फासे-सापळ्यांवर उधळतात! आडोसा उरकतो चार पानांत.

खरी परीक्षा विस्तवाच्या प्रकरणात. घासून विस्तव पाडायचा तर धनुष्याची दोरी खुंटीला वेढून खुंटी पाटीवर फिरवायची, हे सगळेच सांगतात. चांगला लेखक सांगतो की खुंटी अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब हवी. पाटी वाळलेल्या, हलक्या, बिनचिकाच्या लाकडाची, नख रुतवलं तर वळ उठेल अशी. आधी फिरवून खळगा पाडायचा, मग कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत खाच कापायची, वर्तुळाच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढी. खाचेत साठणारी भुकटी फिकट आणि भरड असेल तर दाब किंवा वेग कमी पडतोय. काळी असेल आणि हात थांबवल्यावरही धुमसत राहिली, तर निखारा धरला. खुंटी किंचाळू लागली, खळगा चकचकीत झाला, की चिमूटभर वाळू टाकायची. वरच्या टोकाला तेलबोट लावलेलं असतं, म्हणून खुंटी चुकून उलटी बसली तर सगळं मुसळ केरात. ‘काय बिघडतं’ हे न सांगणारं पुस्तक खुशाल परत ठेवावं.

खाण्याच्या प्रकरणात मात्र चेष्टा नाही. अनोळखी वनस्पतीचा एक भाग निवडून आधी कातडीला, मग ओठाला लावायचा, शेवटी किंचित गिळून आठ तास थांबायचं, ही जुनी लष्करी चाचणी पुष्कळ पुस्तकांत असते. अळंब्यांना ती लागू नाही, हे त्याच पानावर छापलेलं हवं. डेथ कॅप नावाची जहरी अळंबी खाल्ल्यावर त्रास सुरू व्हायला 6 ते 24 तास लागू शकतात. मध्येच माणसाला बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. शिजवून हे विष जात नाही.

आवृत्तीचं साल म्हणूनच बघायचं. सर्पदंशावर चिरा देऊन विष चोखा, हिमदंशावर बर्फ चोळा, असं सांगणारी पुस्तकं अजून विकली जातात. कुऱ्हाडीला धार लावणं किंवा दोरखंडाच्या गाठी यांसाठी जुनं पुस्तकही बिनधास्त घ्यावं. पोलाद काही बदललेलं नाही.

स्वावलंबी जगण्याच्या पुस्तकात थेट बरण्यांच्या प्रकरणाकडे जावं. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका पदार्थ कमी आंबट) 4.6 च्या वरचे पदार्थ, म्हणजे शेंगा, मका, मांस, नुसत्या उकळत्या पाण्यात बरण्या ठेवून टिकवता येत नाहीत. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू 100 अंशांना जगतात आणि हवाबंद बरणीत त्यांचं फावतं. त्यांना मारायला दाबाखाली 116 अंश किंवा त्याहून जास्त तापमान हवं. वेळ, बरणीचा आकार आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचं कोष्टक नसेल तर तेवढं प्रकरण फाडून टाकावं.

बांधणी धाग्याने शिवलेली असेल तर उत्तम. गोंदाची पानं ओलीत सुटतात. अर्थात यातली बहुतेक पुस्तकं उशाशीच आयुष्य काढतात, तेव्हा गोंदही चालेल.