समासातल्या खुणा

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील आमच्या लहानशा वाचनालयात देवघेवीचे काम मी गेली अठरा वर्षे पाहते आणि परत आलेले पुस्तक चाळल्याखेरीज कपाटात ठेवत नाही. गेल्या जुलैत नववीतील एका मुलीने परत केलेली कुमार कादंबरी चाळताना समासात पेन्सिलीच्या खुणा आढळल्या. आजोबांच्या निधनानंतर त्यांच्या ट्रंकेत नातीला एका मुलाचे प्रगतिपुस्तक सापडते. आडनाव तिचेच, पण त्या मुलाचे नाव घरात कोणी कधी उच्चारलेले नसते, अशी ती कथा. खुणा मात्र त्या प्रसंगापाशी नव्हत्या. जिथे जिथे मोठी माणसे बोलता बोलता गप्प होतात, नेमक्या तिथेच त्या होत्या, आणि शेवटच्या चाळीसेक पानांत एकही नव्हती.

मुलीला समज द्यावी म्हणून मी घरी निरोप पाठवला, तर दुपारी तिची आजी आली. "पोरीला बोलू नका बाई. त्या खुणा माज्या हायत," त्या म्हणाल्या. नात झोपल्यावर त्या ओळीखाली बोट धरून वाचत असत, आणि पुस्तक परत गेल्याने शेवट राहिला होता.

मग त्यांनी जे सांगितले, ते त्या घरात तीस वर्षांहून अधिक काळ कोणी बोललेले नव्हते. त्यांचा तेरा वर्षांचा थोरला मुलगा धाकट्याला घेऊन पंचगंगेच्या घाटावर पुराचे पाणी बघायला गेला आणि घरी परतला तो एकटा धाकटा. आजोबांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, तेव्हापासून त्याचे नावही थांबले. तो धाकटा म्हणजे या मुलीचे वडील. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकल्याचे कळले, की ते आजही भरल्या ताटावरून उठतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि पेठ सोडावी लागली, तेव्हा बाबा पाण्याकडे पाठ करून का उभे आहेत, असे आठ वर्षांच्या नातीने विचारले होते. आजींनी विषय बदलला होता.

"शेवटाला ती पोरगी आजीवर रागावती का वो?" त्यांनी हळूच विचारले.

मला उत्तर ठाऊक होते, पण ते माझ्या तोंडून सांगणे मला योग्य वाटेना. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले आणि खिडकीजवळची खुर्ची दिली. शाळा सुटल्यावर नात त्यांना शोधत आली, तेव्हा तीन पाने उरली होती. आजींनी पुस्तक मिटले नाही. शेजारची खुर्ची ओढली. मुलीने दप्तर उतरवले आणि आजीच्या बोटाखालची ओळ ती मोठ्याने वाचू लागली.