ताणलेल्या तारेचा निम्मा हिशेब

अकरावीतील माझ्या भाचीने गेल्या रविवारी विचारले, "मामा, तारेला टांगलेले वजन खाली उतरताना गुरुत्वाकर्षण जेवढे कार्य करते, त्याच्या निम्मीच ऊर्जा तारेत साठते म्हणतात, मग उरलेली निम्मी जाते कुठे?" क्लासमध्ये तिला "उष्णतेत" असे एका शब्दात उत्तर मिळाले होते. ते चुकीचे नाही, पण घाईचे आहे.

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या जुन्या घरात झोपाळ्याची कडी अजून शाबूत आहे. जांभळी नाक्यावरून आणलेली अर्धा मिलिमीटर व्यासाची, दोन मीटर लांबीची पोलादी तार आम्ही तिला बांधली. तारेतील वळसे आधी ओढून काढले, कारण ते राहिले तर तार ताणली न जाता नुसतीच सरळ होते आणि मोजमाप फसते. खाली ५ किलो भरेल असा पाण्याचा कॅन अडकवला. पोलादाचा यंगचा गुणांक, म्हणजे ताणले जाण्याला पदार्थ किती विरोध करतो याचे माप, दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००,००० न्यूटन धरला, तर ४९ न्यूटन भाराने ही तार जेमतेम अडीच मिलिमीटर वाढते. (हा गुणांक मोजण्याच्या सर्लच्या उपकरणात आधाराचे खचणे वजा व्हावे म्हणून शेजारी दुसरी तार असते, आमच्याकडे पट्टी आणि कागदाचा बाण एवढेच होते.)

कॅन तळहातावर तोलून हळूहळू खाली सोडताना खरा उलगडा होतो. आरंभी सगळे ४९ न्यूटन हातावर असतात आणि तारेत ताण शून्य असतो. कॅन जसजसा उतरतो तसतसा भार हातावरून तारेवर सरकतो आणि शेवटी हात मोकळा होतो. म्हणजे तारेतील ताण सरासरी २४.५ न्यूटन आणि हाताचा आधारही सरासरी तेवढाच. गुरुत्वाकर्षणाने केलेल्या सुमारे ०.१२ ज्यूल कार्यापैकी ०.०६ ज्यूल तारेत साठले आणि तितकेच हाताने काढून घेतले. या रीतीत तार तापण्याचा प्रश्नच येत नाही.

कॅन एकदम सोडला, तर मात्र हात वाटेकरी राहत नाही. कॅन अडीच मिलिमीटरला पोहोचतो तेव्हा ती निम्मी ऊर्जा त्याच्या गतीत असते, म्हणून तो तिथे न थांबता जवळजवळ पाच मिलिमीटरपर्यंत जातो. त्या क्षणी तारेतील ताण भाराच्या जवळपास दुप्पट, ९८ न्यूटन होतो. बारीक तारा झटक्याने तुटतात त्या यामुळेच. पुढे सेकंदाला सुमारे दहा आंदोलने होत ती ऊर्जा हवेत, कडीत आणि तारेच्या अंतर्गत घर्षणात जिरते. क्लासमधली "उष्णता" ती हीच.

बाणाची ही थरथर पट्टीवर वाचणे अशक्य होते. भाचीने मग तारेला हलकेच बोट लावले, मला पुन्हा कॅन सोडायला लावला आणि थरथर पूर्ण थांबेपर्यंत बोट काढले नाही.