देवाच्या डबीतला १९११ चा रुपया

आजीच्या देवघरातली पितळी डबी गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आली. लक्ष्मीपूजनाला ताम्हणात मांडायचे ते चांदीचे रुपये, एकूण अकरा. घरात सगळ्यांचं पक्कं मत की राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे रुपये आहेत, दीडशे वर्षांचे, म्हणजे लाखाच्या घरात जाणार. मी बरीच वर्षं नाणी जमवतोय त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी डबी उघडली आणि पोटात कालवलं, कारण अकराच्या अकरा रुपये लख्ख चमकत होते. आजी दरवर्षी धनत्रयोदशीला चिंच आणि राख लावून ते घासायची. तिच्यासाठी ती देवाची सेवा होती, तिचं काहीच चुकलं नाही. पण नाण्याचं पाणी त्यात गेलं ते गेलंच.

पहिल्यांदा त्या राणीच्या रुपयांचं सांगतो. त्यातल्या सहांवर साल होतं १८६२. आता १८६२ म्हटलं की वाटतं केवढं जुनं, पण हे साल टाकलेले रुपये पार १८७४ पर्यंत पाडत होते, साल बदललंच नाही, जाणकार लोक मागच्या बाजूची बारीक टिंबं मोजून नेमकं केव्हाचं ते ओळखायचा प्रयत्न करतात. म्हणजे इतकी वर्षं एकच साल आणि नाणी ढिगाने, त्यामुळे १८६२ चा घासलेला, झिजलेला रुपया कुठल्याही सराफाकडे चांदीच्या भावाच्या थोडा वर मिळतो. जुनं असणं आणि दुर्मिळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी घरात चार वेळा सांगितलं तरी कोणाला पटेना.

पण हाच १८६२ चा रुपया कोणी टाकसाळीतून आल्या आल्या पेटीत ठेवला असेल आणि तो बाजारात फिरलाच नसेल, राणीच्या मुकुटाखालचा केसन् केस आणि अंगावरच्या कपड्याची नक्षी जशीच्या तशी असेल, तर त्याची किंमत झिजलेल्याच्या कितीतरी पट होते. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. झिजलेले ढिगाने आहेत, न झिजलेले मोजके आहेत, म्हणजे साल साधं असलं तरी त्या अवस्थेतलं नाणं स्वतःच दुर्मिळ होऊन बसतं. व्हीएफ (बऱ्यापैकी चांगलं), एक्सएफ (अगदी कमी झिजलेलं), यूएनसी (बाजारात न फिरलेलं) असं जे डीलर लोक बोलतात ना, ते सगळं याच झिजेचं मोजमाप आहे, आणि एक्सएफ वरून यूएनसी वर गेलं की भावात जी उडी बसते ती नवीन माणसाला खरीच वाटत नाही.

आता तो एक रुपया. अकरातला एकच पाचव्या जॉर्जचा निघाला, साल १९११. मी भिंग लावलं आणि सरळ राजाच्या छातीवरच्या माळेकडे गेलो, कारण त्या माळेत एक हत्ती आहे आणि १९११ च्या नाण्यात त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसतो. त्यावरून तेव्हा लोकांत नाराजी झाली, सरकारने ते रुपये मागे घेऊन बरेचसे वितळवले आणि १९१२ पासून सोंड नीट लांब केली. म्हणून याला पिग रुपी म्हणतात आणि म्हणून १९११ चा रुपया १९१२ पेक्षा महाग. भिंगाखाली तो हत्ती दिसला तेव्हा खरंच अंगावर काटा आला, आमच्या देवघरात इतकी वर्षं हा होता!

आणि मग नाणं खिडकीपाशी नेऊन हळूच कलतं केलं. चांगल्या नाण्यावर असं केलं की उजेडाची एक पट्टी चकतीवरून गोल फिरते. इथे पट्टी नाही, सगळीकडे एकसारखी मेलेली चमक, आणि भिंगातून बघितलं तर राजाच्या गालावरून बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले, राखेच्या कणांचे. कान जवळजवळ सपाट. मी तो एका प्रदर्शनात एका जुन्या डीलरकाकांना दाखवला, त्यांनी बोटांच्या पेरात कडेला धरून दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "घासलाय हो. काळा ठेवला असतात तर मी लगेच घेतला असता." चांदीवर वर्षानुवर्षं जी काळपट-निळसर छटा चढते ती घाण नसते, ती नाण्याची कातडी असते म्हणा, ती सोलली की परत येत नाही. जी नवी येते ती वेगळी दिसते आणि ओरखडे तर तिच्याखाली तसेच राहतात.

आपल्याकडे अजून एक प्रकार फार, रुपयांना कडी डाखवून किंवा भोक पाडून माळ करायची. कडी काढली तरी डाखाचा डाग राहतो, आणि मग अगदी चांगलं साल असलं तरी भाव पडतोच. सराफाने चांदी तपासायला मारलेला टोचाही तसाच.

शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचं, गणित जरा निराळं आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो. ती हाताने, हातोड्याने पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" ही अक्षरं पूर्ण बसलेली शिवराई क्वचित मिळते. म्हणजे इथे झीज नंतर बघायची, आधी बघायचं की ठसा मध्यावर बसलाय का आणि कडेचे मणी दिसतात का. साधी शिवराई आजही सहज मिळते, पण सगळी अक्षरं आणि मण्यांचं पूर्ण वर्तुळ असलेली मिळाली तर भाव बोलूच नका. आणि महाराजांचा सोन्याचा होन, तो तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, तिथे अवस्था कोण विचारतो.

तसंच सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाचं. तो इतका कमी हाती लागतो की झिजलेलाही लोक घेतात, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ केलेले नग फिरतात. भिंग आणि वजनकाट्याशिवाय घेऊ नका, रुपया ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर तोळाभर भरला पाहिजे, आणि वजन बरोबर भरलं तरी नऊचा आकडा खऱ्या नाण्याच्या फोटोशी ताडून बघा.

आणि हो, वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं दहा लाखाला, असले व्हिडिओ आईने पण मला पाठवले होते. त्याच्यामागे लागू नका. जुनी नाणी विकत घेतो म्हणून बँकेच्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय.

आजीचा १९११ चा मी विकला नाही. जाड पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घातलाय, साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाही कारण ते नाण्याला हिरवट चिकट करतं. बाकीचे दहा डबीत परत गेले, आणि यंदा धनत्रयोदशीला आईने चिंच भिजत घातली तेव्हा मी तिला म्हटलं, ताम्हण घास गं, रुपये फक्त पाण्याने धुऊन पुसू.