आमची वाटचाल : स्ट्रटच्या नळीभोवती वाढलेलं वर्कशॉप

सुरुवातीला येईल ते काम घ्यायचो. क्लच, ब्रेक, ट्यूनिंग, सगळंच. जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या सस्पेन्शनकडे वळलो, कारण नवे इन्सर्ट, म्हणजे स्ट्रटच्या (पुढच्या चाकाला आधार देणाऱ्या शॉकअपच्या खांबाच्या) नळीत बसणारे तयार शॉकअप, बसवूनही ठकठक करणाऱ्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या. माल नामांकित कंपनीचा, पावती ताजी, तरी खड्ड्यात चाक गेलं की आवाज. उघडून पाहिलं की इन्सर्ट ठणठणीत असायचा, पण नळीत तो आवळून बसलेला नसायचा. आमचं सगळं काम पुढे या एका जोडणीभोवती वाढत गेलं.

डॅटसन 240झेड, पहिल्या पिढीची माझदा आरएक्स-7, टोयोटा एई86 अशा गाड्यांत स्ट्रटची नळी आणि चाकाचा स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) हा एकच भाग असतो. मूळ शॉकअप म्हणजे ती नळीच: आत तेल, पिस्टन आणि व्हॉल्व्ह, वर नळीचं तोंड बंद करणारा ग्लँड नट. इन्सर्ट बसवताना आतलं सगळं काढून त्या जागी इन्सर्टची बंद कार्ट्रिज जाते. त्यामुळे नळी जुनीच राहते, आणि पुढचे सगळे प्रश्न तिथूनच येतात.

गाडी आली की आधी शॉकअपच्या वरखाली सरकणाऱ्या रॉडभोवती पाहतो. सीलपाशी तेलाचा पुसट थर चालतो. नळीवरून ओघळ आलेला असेल तर शॉकअप संपला. टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज असेल तर तीही बोलकी खूण. बॉनेट दाबून गाडी किती झुलते यावर आम्ही निर्णय देत नाही; घट्ट झालेले रबराचे बुश थकलेला शॉकअप लपवतात. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, यात तडजोड नाही.

वरच्या माउंटिंगचा मधला नट गाडी चाकांवर उभी असतानाच जेमतेम हलवून ठेवतो, काढत नाही. मग जॅक, स्टँड, चाक. ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधून ठेवतो, ब्रेकच्या होजवर लटकू देत नाही. खालचे स्टिअरिंग आर्मचे बोल्ट आणि वरच्या माउंटिंगचे नट सुटले की स्ट्रट हातात येतो. त्याआधी माउंटिंग आणि बॉडीवर रंगाची खूण करतो, म्हणजे ते मूळ जागीच परत बसतं.

स्प्रिंग दाबताना कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे. स्प्रिंगवरची वाटी हाताने सैल फिरेपर्यंत मधला नट काढायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड नेऊ नका, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो. बेअरिंग, वॉशर, वाटी, बंप स्टॉप (रॉडवरचा रबरी अडसर) ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने टेबलावर मांडतो. एक वॉशर उलटा बसला तरी स्टिअरिंग जड होतं.

ग्लँड नट गंजून धरलेला असतो. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी टाकून ठेवतो, नळी थेट व्हाइसमध्ये चेपत नाही. ती लंबगोल झाली तर इन्सर्ट आत जाणारच नाही. नट सुटला की रॉड सावकाश ओढायचा, नाहीतर जुनं तेल अंगावर येतं. तळाशी जुना ओ-रिंग किंवा व्हॉल्व्हचा तुकडा अडकलेला नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहायचं. नळी पुसायची, आटे ब्रशने साफ करायचे.

मग येतं मोजमाप. एक उदाहरण देतो. नळीची खोली 352 मिमी, इन्सर्टची लांबी 338. म्हणजे इन्सर्टचं डोकं कडेपासून 14 मिमी खाली. ग्लँड नटाच्या कॉलरपासून (बाहेर आलेल्या कडेपासून) इन्सर्टवर दाबणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर 12 मिमी असेल तर कॉलर नळीवर टेकते आणि आत 2 मिमी मोकळे राहतात. नट हाताला घट्ट लागतो, पण चाक वरखाली झालं की इन्सर्ट आत आपटतो. हीच ती ठकठक. तळाशी 3.5 मिमीची चकती टाकली की नट इन्सर्टवर दाबतो आणि कॉलरखाली 1.5 मिमी फट दिसते. ती फट दिसली पाहिजे. म्हणून आम्ही लेथ घेतला. चकत्या इथेच कापतो, तोंड सपाट करून.

इन्सर्टभोवती तेल घालतो, कारण कोरड्या फटीतून उष्णता बाहेरच्या नळीपर्यंत नीट पोचत नाही. नळीचा आतला व्यास 46 मिमी, इन्सर्टचा बाहेरचा 44 धरला तर वर दिलेल्या 338 मिमी लांबीला फटीत सुमारे 48 मिली मावतं. आम्ही 40 घालतो. गरम झाल्यावर तेलाला फुगायला जागा लागते. साधं इंजिन ऑइल पुरतं.

गॅस नसलेला इन्सर्ट बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून ओढायचा, म्हणजे आतली हवा निघते. रॉडच्या क्रोमला पक्कड लावायची नाही. ओरखडा सील कापतो. वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळायचा नाही, कारण रॉड गरगर फिरून आतल्या भागांना इजा होते. रॉड त्याच्या खाचेत धरून टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलंय का, हे सोडण्याआधी बोटाने चाचपतो.

पोर्शे 911चं काम वेगळं. 964 ही तिची पिढी येईपर्यंत तिच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) होता, कॉइल स्प्रिंग नाही. त्यामुळे खालच्या आर्मला आधार देऊन, वरचा नट काढून, रॉड आत ढकलून नळी चाकाच्या कमानीतून बाहेर झुकवता येते आणि इन्सर्ट गाडीवरच बदलतो. पण नळी कोणत्या बनावटीची हे पाहिल्याशिवाय माल मागवत नाही; बिल्स्टाइनच्या नळीची आतली रचनाच निराळी.

गाडी खाली केलेली असेल, म्हणजे स्प्रिंग आखूड असेल, तर आम्ही आखूड देहाचा इन्सर्ट सुचवतो. नेहमीच्या लांबीचा घातला तर दाबताना नळीचं डोकं लवकर बंप स्टॉपला लागतं आणि चाक मोकळं लटकलं की स्प्रिंग वाटीत सैल पडते. ग्राहक हट्ट धरतात तेव्हा सांगतो की काम दुसरीकडे करा.

शेवटी रबर बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळतो, टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासतो, आणि थोडी चालवून आणल्यावर ग्लँड नटाच्या कडेला तेल आलंय का ते पाहतो. प्रत्येक गाडीची खोली, लांबी आणि चकतीचं माप वहीत नोंदवतो, कारण एकाच मॉडेलच्या डाव्या आणि उजव्या नळीतही फरक निघतो.