तुम्ही विचारलंत म्हणून: आपली हॉकी टीम अशी का खेळते?

मी हॉकी बघतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "आपली टीम पूर्वीसारखी का खेळत नाही हो? नुसते पेनल्टी कॉर्नर! आणि ज्युनियरमध्ये चमकलेली पोरं जातात कुठे?" (पेनल्टी कॉर्नर म्हणजे समोरच्यानं गोलजवळ चूक केली की मिळणारा ठरावीक फटका.) पुण्याच्या खडकीतली मंडळी वर "धनराज असता तर..." जोडतात. जोडणारच, भारताचा माजी कर्णधार धनराज पिल्ले त्यांच्यातच वाढला.

धनराजचा खेळ बघायला मलाही आवडायचा. पण २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये तोच धनराज संघात असताना पोलंडनं अगदी शेवटी गोल करून बरोबरी साधली आणि आपली सेमीफायनल हुकली. ते आठवलं की आपले कोच क्रेग फुल्टन 'आधी बचाव' हा धोशा का लावतात ते पटतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची ब्रिटनविरुद्धची क्वार्टरफायनल पुन्हा बघा. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. उरलेला सगळा सामना दहा जणांनी काढायचा. ब्रिटनची पोरं डीभोवती, म्हणजे आपल्या गोलसमोरच्या अर्धवर्तुळाभोवती, घिरट्या घालतायत, आपले फॉरवर्डसुद्धा मागे येऊन टॅकल करतायत, आणि काही निसटलंच तर गोलकीपर श्रीजेश उभा. १-१. मग शूटआउटमध्ये ४-२. जुन्या पद्धतीनं ड्रिबल करत सुटलो असतो तर त्या दिवशी अर्धा डझन गोल खाल्ले असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रार आहे ती वेगळी. पॅरिसमध्ये आपण १५ गोल केले, त्यातले १० एकट्या कर्णधार हरमनप्रीतचे, आणि तेही सगळे पेनल्टी कॉर्नर नाहीतर स्ट्रोकवर. अभिषेकनं बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियाला मारले तसे मैदानी, म्हणजे चालत्या खेळातले, गोल बोटावर मोजण्याइतके. हॉकी इंडिया लीगनं २०१६ मध्ये मैदानी गोलाला दोन गोल मोजायचा नियम केला होता. लोक हसले, मला तो आवडला होता.

आता पोरांचं. ऑलिम्पिकला टीम १६ जणांची. तिथे नुसता गोल मारणारा परवडत नाही. आपल्याविरुद्ध कॉर्नर मिळाला की धावत जाऊन समोरच्याचा फटका (फ्लिक) अडवणाराही लागतो. हे काम रोहिदासचं. त्या रेड कार्डनंतरच्या बंदीमुळे तो सेमीफायनलला नव्हता आणि जर्मनीच्या पेलाटनं कॉर्नरवरच गोल केला. म्हणून मस्कतला ज्युनियर आशिया कपच्या फायनलमध्ये पाकिस्तानला चार गोल मारणाऱ्या अराईजीत हुंदललाही सीनियर टीममध्ये जागा आयती मिळत नाही. बरं, नव्यांना संधीच देत नाहीत म्हणावं, तर ब्रिटनविरुद्ध शूटआउटमध्ये गोल करणाऱ्या चौघांपैकी सुखजीत आणि राजकुमार पाल पहिलंच ऑलिम्पिक खेळत होते.

पण संधी कुठे द्यायची, इथे माझंही निवड समितीशी वाजतं. २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीग या देशादेशांमधल्या लीगमध्ये युरोपात आपण सलग सात सामने हरलो. "म्हाताऱ्यांना काढा" म्हणून गदारोळ झाला. सप्टेंबरात राजगीरला कोरियाला ४-१ नं हरवून आशिया कप जिंकला, की तेच लोक चिडीचूप. प्रो लीगमधल्या पराभवानं पदक जात नाही. सात सामने हरायचेच होते, तर चार-पाच नवी पोरं घेऊन हरलो असतो.