ज्या गोळ्यांना रजिस्टर लागत नाही

देवगड तालुक्यात माझं मेडिकल आहे. काउंटरच्या उजव्या हाताला, बिलाच्या कॉम्प्युटरखाली एक खण आहे, आणि दीड वर्षं त्या खणात माझी स्वतःची औषधं होती. औषधं म्हणायचं आपलं. निम्म्या डब्यांवर, मोबाइलचा टॉर्च मारल्याशिवाय दिसणार नाही अशा बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलंच होतं.

सकाळी रिकाम्या पोटी जस्ताची गोळी, ५० मिलिग्रॅम. नाश्त्यानंतर अश्वगंधा ३०० ची एक, रात्री आणखी एक. शिलाजीत भाताच्या शिताएवढं, कोमट दुधात. केस जात होते म्हणून १० मिलिग्रॅम बायोटिन. रविवारी ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल, झोपताना मॅग्नेशियम. शिवाय ‘खास पुरुषांसाठी’ लिहिलेली एक काळी बाटली, तिच्यात गोखरू, सफेद मुसळी, कवचबीज असं सगळं कोंबलेलं. स्टॉकिस्टच्या भावाने महिन्याला २,६०० च्या आसपास पडायचं. गिऱ्हाइकाला हेच चार हजारांच्या पुढे जातं, त्यामुळे मी मनातल्या मनात महिन्याला चौदाशे वाचवत होतो.

झालं काय होतं, तर २०२३ च्या गणपतीनंतर पहाटे तीनला जाग यायला लागली. जाग म्हणजे कुणीतरी हाक मारून उठवल्यासारखी. सकाळी शटर वर करताना छातीत धडधड, दुपारी फोन वाजला की पोटात खड्डा. तीनदा रिंगटोन बदलली. पोट सुटलं, पट्टा ३४ वरून ३८ वर गेला. बायकोकडे पाठ करून झोपायची सवय लागली, त्याबद्दल तीही बोलली नाही, मीही नाही. वय ४४.

आणि मग मोबाइलवर तो दाढीवाला भेटला. थकवा येतो? चिडचिड होते? इच्छा कमी झाली? पोट सुटलंय? टेस्टोस्टेरॉन तपासा! वार्षिक राशिभविष्य वाचताना प्रत्येक राशीचं आपल्यालाच लागू पडतं, तसं मला त्याचं सगळं लागू पडलं. ‘हार्मोन’ हा शब्द तर इतका सोयीचा वाटला की विचारू नका. ‘माझे हार्मोन जरा बिघडलेत’ असं चारचौघांत म्हणता येतं. ‘मला भीती वाटते’ हे चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याने कुणाला सांगायचं? त्यातून तो काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असेल तर?

खरं म्हणजे भीतीवरची गोळी माझ्या हातापासून दोन फुटांवर होती. अल्प्राझोलाम. लोक तिला झोपेची गोळी म्हणतात. कपाटाची चावी माझ्याच खिशात. पण ती ‘एच१’ नावाच्या कडक यादीतली. चिठ्ठी लागते, आणि विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये तारीख, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या हे लिहावं लागतं. ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. पेशंटच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायची हिंमत झाली नाही, आणि न लिहिता घ्यायचीही झाली नाही. हे दुसरं बरंच झालं, कारण त्या गोळीची सवय लागलेली माणसं मी रोज बघतो. खणातल्या डब्यांना मात्र रजिस्टर नाही, चिठ्ठी नाही. आयुर्वेदिक औषधं विकायला तर वेगळा परवानाही लागत नाही. कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारू नये एवढंच मला हवं होतं.

जस्ताने पहिला दणका दिला. रिकाम्या पोटी घेतली की अर्ध्या तासात मळमळायचं. एकदा एक म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्यांचे सुटे पैसे मोजत असताना मी ‘थांब गो आये’ म्हणून मागच्या दाराने पळालो आणि माडाच्या आळ्यात ओकलो. तरी पुढे सात महिने घेत राहिलो, फक्त नाश्त्यानंतर. रोज ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त दीर्घकाळ पोटात गेलं की शरीर तांबं नीट शोषून घेत नाही, त्यातून रक्त कमी होतं, हातापायांच्या नसांनाही त्रास होऊ शकतो. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, बरं का. आणि गंमत अशी की ओहोटी लागली की आमच्या खाडीवर बायका खडकांवर उकिडव्या बसून कालवं फोडत असतात. लोखंडी टोकाने वरचं शिंपलं उचकटायचं, आतला करडा, ओला, थरथरता गोळा डब्यात टाकायचा. डबाभर व्हायला अख्खी ओहोटी जाते, आणि हाताला कापलेल्याच्या रेघा. जस्ताच्या बाबतीत कालवांइतकं श्रीमंत अन्न दुसरं नाही. लहानपणापासून आईच्या हातचं कालवांचं सुकं खाल्लेला माणूस गुलाबी गोळी खाऊन माडाखाली ओकत होता.

काळ्या बाटलीतलं कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली. तीच ती, कुंपणावर चढणारी, मखमली शेंगांची, जिची कुसं शाळेत आम्ही एकमेकांच्या शर्टात टाकायचो. तिच्या बियांत एल-डोपा असतं, म्हणजे कंपवातावर देतात तेच द्रव्य. फालतू वनस्पती नाही ती, म्हणूनच बाटलीत किती आहे ते न लिहिता विकणं मला आता खटकतं. सफेद मुसळीच्या कुळातली फोडशी तर पावसाळ्यात आपण भाजी म्हणून खातोच. गोखरूने टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणतात, पण माणसांवर झालेल्या नीट चाचण्यांत तसं काही हाती लागलेलं नाही.

अशा बाटल्यांचा आणखी एक धोका सांगून टाकतो, मग पुढे जातो. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूलमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. आमच्याकडे एक तांडेल येतो, हृदयाच्या दुखण्यामुळे जिभेखाली ठेवायची गोळी सतत खिशात बाळगणारा. त्याने एकदा हळूच, ‘रे, तशी एक ताकदीची गोळी दी’ म्हटलं, तेव्हा मी त्याला दिली नाही. त्या दोन गोळ्या पोटात एकत्र आल्या तर रक्तदाब असा कोसळतो की बोट किनाऱ्याला लागायची नाही. तो रागावला. पंधरा दिवस समोरच्या टपरीवर चहा प्यायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही.

मग मी टेस्टोस्टेरॉन तपासलं. दुकानातच लॅबचं कलेक्शन आहे, मुलगा संध्याकाळी पाचला नमुने घेऊन जातो, त्याच्याच हाताने दिलं. आदल्या रात्री तीन तास झोप. आकडा आला २७१, लॅबची खालची मर्यादा ३००. मला जवळजवळ आनंद झाला. सापडलं! त्या रात्री अश्वगंधा दुप्पट केली.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान द्यायचं, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एका सकाळी पुन्हा. एका आकड्यावर निदान करत नाहीत. झोपेचंही तसंच. २०११ मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी दहा धडधाकट तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के खाली आलं. म्हणजे मी झोप उडालेला माणूस संध्याकाळी पाचला रक्त देऊन हार्मोन शोधत होतो. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी हसलो असतो.

दोन महिन्यांनी वजन कमी व्हायला लागलं, हात थरथरायला लागले. थायरॉइड केलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ०.०८, फारच कमी, आणि टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, वर. आता मात्र घाबरलो आणि रिपोर्ट घेऊन आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. सत्तरीला टेकलेत, मला चड्डीत असल्यापासून ओळखतात.

त्यांनी रिपोर्ट बघितला, माझा गळा चाचपला, आणि विचारलं, “केसांसाठी काय घेतोस?”

“काही नाही. व्हिटॅमिन.”

“व्हिटॅमिन म्हणजे काही नाही काय रे? आणि अजून?”

मी खणातलं सगळं सांगितलं. सांगताना यादी संपेना. ते लिहीत होते, त्यांचा कागद उलटला.

बायोटिनचं असं आहे: थायरॉइडच्या बऱ्याच मशिनी चाचण्यांत बायोटिन हाच चिकटवायचा दुवा म्हणून वापरतात. तुमच्या रक्तातच ते भरमसाट असेल तर मशीन फसतं, टीएसएच खोटा कमी दाखवतं आणि टी४ खोटा जास्त. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. मी १० मिलिग्रॅम घेत होतो, तीनशे पटींच्या वर. अश्वगंधा तर खरोखरच थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते, आणि क्वचित कुणाचं यकृतही बिघडवते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे ती आस्कंद म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि छोट्या चाचण्यांत तिने ताण थोडा कमी होतो असंही दिसलंय. मलाही पहिले पंधरा दिवस झोप बरी लागली होती, खोटं कशाला बोलू. पण वैद्याने माणूस बघून दिलेलं चूर्ण वेगळं, आणि रात्री अकराला घाबरून दुप्पट केलेली कॅप्सूल वेगळी.

डॉक्टरांनी सगळंच बंद करायला लावलं. दोन आठवड्यांनी टीएसएच २.१. दोन्ही एकदम थांबवल्यामुळे कुणाचा गुन्हा किती, ते कधीच कळणार नाही. त्यांनी विचारलं नसतं तर कदाचित थायरॉइड दाबणारं कार्बिमाझोल सुरू झालं असतं आणि निरोगी थायरॉइडवर मी स्वतःच्याच दुकानातलं औषध खात बसलो असतो. सकाळच्या दोन तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन आलं ४३८ आणि ४०२. आठ आठवड्यांसाठी असते ती ‘ड’ची कॅप्सूल मी वर्षभर घेत होतो, पण कॅल्शियम सुदैवाने जागेवर होतं.

सगळं नॉर्मल. आणि पहाटे तीनची जाग तशीच.

आईने केव्हाच सांगितलं होतं. मी दरवाजात बसलेलो असताना ती बायकोला म्हणाली होती, “खंयतरी भियालो असात तो.” मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, देवळात गाऱ्हाणंही घालून झालं. मी हसण्यावारी नेलं. डॉक्टरांनी चिंता मोजायचा सात प्रश्नांचा एक कागद पुढे केला, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं म्हणून. एकवीसपैकी १४ भरले. मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, “कधीपासून?”

आणि माझ्या तोंडून गणपती नाही, एकदम २०२१ चा मे महिना आला. करोनाची दुसरी लाट. रात्री-अपरात्री फोन यायचे. ऑक्सिजन आहे काय, रेमडेसिवीर मिळेल काय. ओळखीचे आवाज. मी नाही म्हणायचो, कारण नव्हतंच. त्यातच १६ मे ला तौक्ते वादळ आलं, आमच्याकडे वीज गेली ती नऊ दिवस. फ्रीजमध्ये गावातल्या अकरा माणसांचं इन्सुलिन. बंदरावरून मासळीचा बर्फ आणला, थर्माकोलच्या पेटीत घातला, आणि कुप्या बर्फाला टेकून गोठू नयेत म्हणून बायकोच्या जुन्या साडीच्या घड्यांत गुंडाळून वर ठेवल्या. दर चार तासांनी उठून पाणी काढायचं, बर्फ भरायचा. पहाटे तीनची पाळी माझी. एकही कुपी वाया गेली नाही. सगळं निभावलं. म्हणून मला वाटत होतं, निभावलं.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांच्या टेबलावरचा पंखा कटकट करत होता, तो त्यांनी बंद केला.

आता बरं आहे. पंधरा दिवसांतून एकदा कुडाळला एका समुपदेशक बाईंकडे जातो. त्याआधी एकदा रात्री १४४१६ वर फोन केला होता, सरकारची टेली-मानस सेवा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, घरातून निघावं लागत नाही. आमच्याकडे ‘ह्याला रत्नागिरीला पाठवा’ म्हटलं की त्याचा संबंध हापूसशी नसतो, तिथलं मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासूनचं आहे आणि त्या नावाची दहशत अजून आहे, त्यामुळे फोन बरा पडतो. नऊ कप चहाचे तीन केले. संध्याकाळी कातळावरून चालून येतो, पट्टा ३६ वर आलाय. डॉक्टरांनी चिंतेवरची एस्सिटालोप्राम सुरू केली, पाच मिलिग्रॅमपासून. तिने इच्छा कमी होऊ शकते हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि ते मी यावेळी बायकोला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, दीड वर्ष बोललो नाही त्यापेक्षा ह्या बरा.

ती चिठ्ठी मात्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. कणकवलीत कुणाकडून तरी घ्यावी असं मनात होतं, पण तिथले सगळे मेडिकलवाले ओळखतात. शेवटी एका शनिवारी दुपारी दुकानात कुणी नसताना बिल करायला बसलो. डॉक्टरचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी. पेशंटच्या रकान्यात कर्सर मिचमिचत राहिला. बायको जेवणाचा डबा घेऊन आली ती मागे येऊन उभी राहिली, स्क्रीन वाचला, डबा काउंटरवर ठेवला.

“नाव घाला,” ती म्हणाली. “आणि डिस्काउंट पण घाला.”