फॉर्म भरायच्या केंद्रावरचा ब्राऊझर : माझा अनुभव

यावल-रावेर पट्ट्यातल्या ऑनलाइन केंद्रांचे कॉम्प्युटर मी लावून देतो. एकाच मशीनवर दिवसभर केळीचा फळपीक विमा, सातबारा, आधार, शिष्यवृत्ती. शंभर जणांचे लॉगिन एका ब्राऊझरमधून जातात, म्हणून घरच्या सेटिंग्ज इथे पुरत नाहीत.

मी फायरफॉक्स टाकतो. बाजारभावाच्या पानावर ज्या जाहिरात कंपनीचा कोड असतो, तिचाच खताच्या दुकानाच्या पानावरही निघतो. कुकी (ब्राऊझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद) तीच, म्हणजे माणूसही तोच हे तिला कळतं. अशा परक्या कुकी क्रोममधून हटवायचा बेत गूगलने २०२४ मध्ये गुंडाळला. फायरफॉक्स कॉम्प्युटरवर २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या ठेवतो, त्यामुळे ही जुळवाजुळव अडते. वर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘स्ट्रिक्ट’ हे कडक संरक्षण निवडायचं आणि यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर टाकायचा. दोन-तीन ब्लॉकर एकावर एक चढवू नयेत. एकमेकांत अडकतात, आणि पान कुणी मोडलं ते सापडत नाही.

‘स्ट्रिक्ट’चा त्रास सरकारी पोर्टलवर होतो. कॅप्चाचं चित्र येत नाही किंवा पैसे भरताना चक्र फिरतच राहतं, कारण कॅप्चा आणि पेमेंट बऱ्याचदा दुसऱ्याच सर्व्हरवरून येतात. ॲड्रेस बारमधल्या ढालीवर क्लिक करून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करायचं. यूब्लॉकही तिथपुरता बंद. हे लॉगिनच्या आधी करावं. ढाल बदलली की पान रिलोड होतं, आणि पेमेंट अर्धवट असताना रिलोड झालं तर पैसे कटूनही पावती न निघण्याची भीती. पावतीची खिडकीच उघडत नसेल तर मात्र दोष पॉप-अप ब्लॉकरचा. त्यासाठी ढाल काढू नका, त्या साइटला पॉप-अपची परवानगी द्या.

गिऱ्हाईक बदललं की प्रायव्हेट विंडो नवी. जुन्या सगळ्या प्रायव्हेट खिडक्या बंद केल्याशिवाय आधीचं लॉगिन जात नाही. एक जरी मागे दडलेली राहिली तरी ते जिवंत. “इनकॉग्निटोत उघडलं होतं ना भो, मग काय राहतं?” असं केंद्रचालक विचारतात. डाउनलोड फोल्डर राहतं! ई-आधारची पीडीएफ तिथेच पडून असते, आणि तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. शेजारी शिष्यवृत्तीचा फॉर्म असला की दोन्ही गोष्टी समोरच. प्रिंट निघाली की फाइल शिफ्ट-डिलीट, नाहीतर रिसायकल बिनमध्ये सापडते.

फोनवर वेगळीच कटकट. केळीचे भाव बघताना ‘अलाउ’ दाबलेलं असतं आणि मग रात्रंदिवस कर्जाच्या जाहिराती येतात. हे व्हायरस नव्हे, क्रोमच्या साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की थांबतं. ॲपमधला माग ब्राऊझरने अडत नाही. त्यासाठी फोनच्या गूगल सेटिंग्जमधल्या ‘ॲड्स’मध्ये जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठीचा फोनचा ओळख क्रमांक, डिलीट करून देतो.